सगळं खोटं, असं लिहून दिलं

"सब रुको. कोई बाहर नहीं जाएगा. इसकी कॉपी में तोप लिखी है," असं फाटकावरचा दरबान इतक्या जोरात ओरडत होता की आमच्या तोफांच्या कारखान्याचा भोंगा लाजून गप्प बसला असावा. त्याच्या एका हातात माझा जेवणाचा डबा होता, दुसऱ्या हातात माझी वही. माझ्यामागे चार हजार सायकली खोळंबल्या होत्या. बरं, चारशे म्हणा. पण घंट्या चार हजारांच्या वाजत होत्या.

लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. लिहिलेला कागद फाटकाबाहेर न्यायचा नाही, असा हुकूम आदल्या दिवशीच फळ्यावर लागला होता. मी तो वाचला नाही. त्या दिवसांत मला वाचायला वेळच नव्हता, मी लिहून राहिलो होतो. जन्मभर लेथवर लोखंड सोललेला पंचावन्न वर्षांचा खरादी, आणि त्याला पुस्तकाचं वेड लागलं. जेवणाच्या सुट्टीत तीन घासांत पोळी संपवायची आणि यंत्राच्या आडोशाला वही उघडायची. घरी सोय नव्हती. घरी लिहिलं असतं तर बायकोने वाचलं असतं.

शहराच्या बाजारात, कमानिया गेटजवळ, तेव्हा पुस्तकांचं एक दुकान होतं. त्याच्या काचेत, मधोमध, एक जागा मी मनाने धरून ठेवली होती. दर रविवारी सायकल थांबवून बघून यायचो, कोणी तिथे बसलं तर नाही ना.

दरबानाला मराठी येत नव्हती, पण अक्षरं तीच. तो खणखणीत वाचू लागला. "'आमच्या कारखान्याची तोफ मी स्वतः ग्वारीघाटावर उडवून पाहिली. गोळा नर्मदा ओलांडून जो गेला, तो चहा निवायच्या आत शत्रूच्या तंबूत.' क्यों मिस्त्री, ये चाय कितनी देर में निवती है?"

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आगे पढ़ो ना भैया. फिर क्या हुआ?"

ते ऐकलं आणि माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटून दरबानाच्या मिशीला लागलं. माझं लिखाण ऐकून पुढे काय झालं असं विचारणारा तो पहिला माणूस. त्याचा चेहरा मला दिसला नाही. वही मात्र सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेली.

"काहून उशीर केला?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. तिचं लाटणं थांबलं नाही. "म्हणजे तीस वर्षं मला जे पटलं नाही, ते सरकारला पटलं," ती म्हणाली. "चलो, आता तरी खूश व्हा."

त्या सुरक्षावाल्या साहेबांना मराठी येत नव्हती. टपाल विभागात एक मराठी बाबू होता, तिशीचा, चेहरा इस्त्री करून घातल्यासारखा. वही तपासायला त्याच्याकडे दिली. त्याचं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीसमोर नळ. दोन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत त्या नळावर इतकं पाणी प्यायलो की नर्मदेची पातळी वीतभर उतरली. वही परत मिळते की नाही याची काळजी होतीच. पण त्याहून मोठी हाव दुसरीच होती. माझ्या पुस्तकाचा जगातला पहिला वाचक तिथे बसला होता, आणि मला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता.

चेहरा हलेना. मगरीच्या पोटातून सायकलसकट बाहेर आलेल्या फिटरची गोष्ट त्याने अशी वाचली, जशी रजेचे अर्ज वाचतात.

मग बाराव्या दिवशी बघतो तर वहीत उजवीकडे एकच पान उरलेलं. बाबूने हात गालावर ठेवला होता. त्याने पान उलटलं, खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले. मी नळ तसाच वाहता सोडला.

ते शेवटचं पान तेवढं खरं होतं. त्यात मी लिहिलं होतं की या गोष्टी माझ्या नाहीत. माझे वडील याच कारखान्यात, आधीच्या मोठ्या लढाईच्या वेळी, घणावर होते. पगाराला अंगठा लावायचे. पण संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायला लागले की सराफ्यातले सोनार दुकान उघडं टाकून ऐकायला यायचे. "हे कोणीतरी लिहून ठेव रे," म्हणायचे. घरात लिहिता येणारा मीच एक होतो. मी हसायचो. ते गेल्यावर लिहायला बसलो, तोवर अर्ध्या गोष्टी विसरलो होतो. जिथे विसरलो तिथे तोफ घातली.

साहेबांनी बोलावलं. "दो रास्ते हैं," ते म्हणाले. "ये सच है तो कॉपी ऊपर जाएगी. झूठ है तो लिखकर दो, और ले जाओ."

"साब, आखिरी पन्ना..."

"उसमें क्या है?"

काय सांगणार? मी लिहून दिलं: या वहीतला सर्व मजकूर खोटा आहे. खाली सही. हजार थापा मारल्या असतील मी, पण अंगावर काटा आणणारी ती एकच.

पुस्तक अजून निघालं नाही. वही अधारतालच्या घरात, माझ्या उशाशी आहे. कमानिया गेटच्या त्या काचेत आता साड्या लावतात. तरी तिकडे गेलो की मधली जागा बघतो, आणि साडी हिरवी असली तर बरं वाटतं, कारण मुखपृष्ठ मी हिरवं ठरवलंय. वाचक म्हणाल तर आजवर तो एकच.

लिहून दिलं त्या दिवशी वही ताब्यात घेतली तेव्हा बाबूच्या टेबलाशी मी मुद्दाम रेंगाळलो. तो वहीच्या पावतीवर शिक्का मारत होता.

"बाबूजी," मी हळूच म्हणालो, "त्या दिवशी मी नळावर होतो. तुम्ही डोळे पुसत होतात. वडिलांच्या पानावर होतात ना?"

त्याने पावती माझ्याकडे सरकवली.

"दाढ दुखून राहिली होती," तो म्हणाला.