निलंगा रोडवरची स्वच्छ खोली

साइटवर दोन माणसं चहाला उभी राहिली की किस्सा तयार होतो. माझ्याकडे इतके साठलेत की बायको विचारते, तुम्ही कारखाना बांधला की गप्पा मारल्या? दोन्ही. निलंगा रोडला गुरांच्या लशीचा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे सिव्हिल सुपरवायझर होतो. शिरूर अनंतपाळला घरी राहता येईल म्हणून पुण्यातली नोकरी सोडून आलो होतो.

अशा कारखान्याला एरवी दोन वर्षं लागतात. आम्हाला अकरा महिने दिले होते. जुलैअखेर क्लीन रूम, म्हणजे जिथे लस भरायची ती खोली, तपासणीत पास झाली नाही तर मशिनरी कंपनीच्या परराज्यातल्या प्लांटला जाणार होती. पास झाली तर साइटवर राबलेल्या आसपासच्या चाळीस माणसांना कायम नोकरी. त्यांची यादी ऑफिसच्या भिंतीवर लावलेली होती. येता-जाता लोक आपलं नाव जागेवर आहे ना, तेवढं बघून जायचे.

*

प्रोजेक्ट हेड सबनीससाहेब पुण्याचे. माणूस चांगला, पण शेड्यूल म्हणजे जीव की प्राण. त्यांनी स्लॅब टाकायला नेमकी वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, धरली. आमच्याकडे त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात असतो, गावात कुत्रं दिसत नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "अमावस्येला सुट्टी नसते."

त्या सकाळी साइटवर साहेब, मी आणि मिक्सरचा परप्रांतीय ड्रायव्हर, एवढेच हजर. नऊ वाजता दत्तूचा फोन आला. दत्तू आमचा मुख्य मिस्त्री. तो रजा मागत नव्हता, आम्हा तिघांना शेतात जेवायला बोलवत होता. साहेब तणतणतच गाडीत बसले. तिथे कडब्याच्या कोपीपुढे मांडी घालून दोन तांबे आंबील प्यायले, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाल्ले आणि लिंबाखाली दुपारपर्यंत गाढ झोपले. अकरा महिन्यांत मी त्यांना झोपलेलं तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दत्तूची माणसं उजाडायच्या आत हजर होती, संध्याकाळी स्लॅब झालेला होता. साहेबांनी नवं शेड्यूल काढलं, त्यात एक ओळ वाढवली होती: "येळवस – अटळ."

*

स्टीलची मोठी टाकी ट्रेलरवरून आली तेव्हा रस्त्यावरच्या तारा बांबूने उचलून धराव्या लागल्या. मागे निलंग्याची एसटी अडकली आणि प्रवासी खाली उतरून आले. दुधाची डेअरी व्हायलीय का, असं कुणीतरी विचारलं. मी शिकलेला माणूस, खरं सांगून बसलो. म्हटलं, यात जंतू वाढवणार.

गर्दी एक पाऊल मागे सरली. एक आजोबा तेवढे जागचे हलले नाहीत. "इथं जंतू मारायला धड डॉक्टर न्हाई," ते म्हणाले, "अन् तुम्ही वाढवायलेत?"

दत्तू तारेखाली बांबू धरून उभा होता, त्याने तिथूनच विचारलं, "आजा, घरी इरजण लावता का न्हाई?" आजोबा विचारात पडले. एसटी सुटली तरी खिडकीतून टाकीकडेच बघत होते. पुढे कितीतरी दिवस गावात आमच्या प्लांटला दह्याचा कारखाना म्हणत. आम्हीही कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही.

*

दत्तूकडे वडिलांचा गुण्या होता. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. दत्तूने केलेल्या कोपऱ्यात तो लावला तर मधून उजेड दिसायचा नाही. पण क्लीन रूममध्ये कोपराच चालत नाही. तिथे धूळ बसते म्हणून भिंत गोल वळण घेऊन फरशीला मिळावी लागते. दत्तूने ड्रॉइंग दोनदा उलटसुलट करून पाहिलं. तीस वर्षं जे जीव लावून केलं, तेच इथे चूक ठरत होतं. दोन दिवस साहेबांनी त्याचं काम रिजेक्ट केलं आणि हा आता निघून जातो की काय, याची मला धास्ती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी तो आईला विचारून आला. ती माउली आयुष्यभर धान्याच्या कणग्या लिंपत आलेली. कणगीला आतून कोपरा राहिला की त्यात किडे लपतात, म्हणून ती ओल्या लिंपणावर तांब्याची पाठ फिरवून गोलाई आणायची. दत्तूने प्लास्टिक पाइपचा तुकडा कापला आणि तसाच फिरवला. साहेबांनी त्या वळणावरून हात फिरवून पाहिला आणि पुढच्या भिंतीचं ड्रॉइंग दत्तूच्या हातात दिलं. त्यांचं कौतुक तसंच असतं.

दत्तूने गुण्या पिशवीत घातला. "बापाचं हत्यार हाय," तो म्हणाला, "पर हितं आईचंच चाललं."

*

मग यादीतल्या लोकांचं ट्रेनिंग सुरू झालं. शिकवायला पुण्याहून एक मुलगी आली होती. क्लीन रूममध्ये जाताना टिकली, कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र काहीच चालणार नाही, असं तिने सांगितलं आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काढून ठेवायला कुणी उठेना.

सफाईच्या कामावर काशीबाई होती. पंचेचाळिशीची, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केलेली. कायम हा शब्द तिच्या कामाला कधी लागला नव्हता. यादीत तिचं नाव अगदी खाली होतं आणि ते तिला वाचता येत नसल्याने ती रोज मला वाचायला लावायची. सगळ्यात आधी तीच उठली.

"मला सोपं हाय, बाई," ती म्हणाली. "माझं सगळं नवरा गेला त्याच दिशी काढून घेतलंय."

ती मुलगी पुढची स्लाइड लावायची विसरली. मग बाकीच्या एकेक करून उठल्या, आणि सगळ्यांची मंगळसूत्रं, बांगड्या काशीबाईने पदरात घेऊन सांभाळल्या.

*

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हैदराबादहून दोन तपासनीस आले, हवेतले कण मोजायचं मशीन घेऊन. पहिल्या सकाळी खोली फेल. ते चहाला जाऊन आले, पुन्हा मोजलं, पुन्हा फेल. आम्ही फिल्टर बदलले, दारांचे रबर बदलले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फेल झाली तर मशिनरी हलवा, असा वरून फोन आला. साहेबांचा डबा तसाच पडून होता. यादीपुढे आता कुणी थांबत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्या खोलीत गुडघ्यांवर बसून भिंतीच्या तळाची जाळी तपासली. इथून हवा बाहेर ओढली जाते. जाळीत एक बारीक काडी अडकली होती. केरसुणीची काडी.

सगळ्यांना गोळा करून विचारलं. काशीबाई लगेच पुढे आली, लपवायचं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. ओल्या फडक्याने पुसायचं शिकवलं होतं, ते ती रोज करत होतीच. पण बाजारातून नवी केरसुणी आणून, हळद-कुंकू वाहून, तपासनीस अंगावर झगे चढवेपर्यंत ती एक हात फिरवून घ्यायची. ते चहाला गेले की पुन्हा. ट्रेनिंगमध्ये केरसुणीचं नाव कुणी काढलंच नव्हतं, इथे कुणी ती आणेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

"पावणे यायलेत," ती म्हणाली, "अन् खोली झाडायची न्हाई?"

तिचं नाव आता कटणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. उद्या तुम्ही बाहेर बसायचं, काहीही करायचं नाही, एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी काशीबाई सकाळपासून कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून होती. मी चार वेळा तिथून गेलो. दर वेळी ती उठायची, हातांकडे बघायची आणि परत बसायची. दुपारी दोनला तपासनीस बाहेर आले. खोली पास झाली होती, एकूण एक जागी.

साहेबांनी नोकरीच्या चाळीस पत्रांतून सगळ्यात आधी तिचं काढलं आणि स्वतः तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही.

"साहेब, दोन दिस राबले तवा फेल झाली," ती म्हणाली. "आज तर मी काहीच केलं न्हाई. मग ह्यो कागद कशाचा?"