मालिकेचा खुनी

भारनियमनात हुकलेली मालिका हिंगोलीचा आमचा सलूनवाला दुसऱ्या दिवशी वस्तरा नाचवत सांगायचा, कारण बॅटरीवरचा टीव्ही त्याच्याकडेच होता. ती जुनी गाजलेली खूनमालिका एका कलात्मक दिग्दर्शकाने नव्याने काढली होती; तिच्यात अंधार भरपूर, खुनी मात्र कधीच सापडत नसे. ही पळवाट सलूनवाल्याला मान्य नव्हती. तो खुनी स्वतःच ठरवायचा, कधी सावकार, कधी रेशन दुकानदार. आम्ही चळवळीतली पोरं वाटायचो ती पत्रकंही एवढं थेट बोलत नसत.

एकदा त्याचा गाळेमालक, म्हणजे नगरसेवक, खुर्चीत होता. एक गाल झाला होता. "काल खून कोणी केला रे?" त्याने विचारलं.

"नगरसेवकानं."

नगरसेवक टॉवेल फेकून उठला. "उद्याच गाळा खाली कर!"

"करतो, साहेब. पन दाढी पुरी करून घ्या. अर्ध्या दाढीनं असं चिडून बाहेर गेलात, तर खुनी कोन ते लोकायला बराबर कळंल."

नगरसेवकाने परत खुर्चीत बसून दुसरा गाल पुढे केला.