मीटरला लावलेलं कुंकू

वडवणीजवळच्या आमच्या गूळ कारखान्यात सगळी यंत्रं धर्मराज बघतो, पण त्याचा जीव मात्र एकट्या पीएच मीटरवर. उसाच्या रसाचा आंबटपणा मोजून त्यात चुना किती घालायचा ते हे मीटर सांगतं. चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो. मीटरच्या काडीचं काचेचं टोक धर्मराज हलक्या हातानं धुतो आणि खारं द्रावण भरलेली टोपी घालून ओलं ठेवतो. मी एकदा नुसतं बोट लावलं, तर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

गेल्या हंगामात गूळ काळा पडला, तेव्हा मालक मोहनरावांनी बजावलं होतं, "यंदा पहिली कढई बिघडली तर मीटर बी जाईल आन् तू बी." म्हणजे पुन्हा कोयता, आणि बायकोला, मंगलला, घेऊन पुन्हा ऊसतोड.

खंडेनवमीला हत्यारांबरोबर मीटरही पूजेला मांडलं. देवापुढं टोपी घालून कसं बसायचं, म्हणून या शहाण्यानं स्वतःच काडीची टोपी काढली, काचेला तेलातलं कुंकू लावलं आणि पूजेतली वस्तू हलवू नये म्हणून काडी दसऱ्यापर्यंत कोरडीच ठेवली.

दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त. काडी लिंबाच्या रसात घातली, आकडा सहा. चुन्याच्या निवळीत घातली, तरी सहाच. दोन्ही पार्ट्यांना हो म्हणणाऱ्या पुढाऱ्यासारखं तिचं चाललं होतं. मला हसूही आवरेना आणि धर्मराजची कीवही येत होती.

"अंदाजानं चुना टाक अन् गप बस," मी कानात सांगितलं.

"न्हाई," म्हणाला आणि थेट मोहनरावांपुढं गेला. "मालक, मीटर चांगलं हाय. मीच कुंकू लावून वाळवलं त्येला. दुपारपत्तुर द्या."

मोहनरावांनी मुहूर्ताला फोडायला घेतलेला नारळ खाली ठेवला. "जा बे. पण नारळ आता गूळ बघूनच फोडीन."

धर्मराजनं साबणाच्या पातळ पाण्यात तेल उतरवलं, न चोळता काडी खाऱ्या द्रावणात बुडवली आणि आजाऱ्यापाशी बसावं तसा शेजारी बसला. बातमी ऐकून मंगल आली ती घासलेला कोयता घेऊनच. "निघायचंच तर आत्ताच निघू," म्हणाली आणि तीही बसली.

दुपारी त्यानं तपासणीच्या द्रावणांत काडी घातली. चारच्या द्रावणात चार, सातच्या द्रावणात सात. मग कढई चढली.

संध्याकाळी गूळ पिवळाधमक उतरला. मोहनराव नारळ फोडायला काहीतरी शोधू लागले. मंगलनं कोयता पुढं केला.

"घ्या, मालक. यंदा त्येला येवढंच काम हाय."