शेठच्या कापडाची पोलकी

कामतघरच्या ज्या कापडाच्या कारखान्यात मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचे, तिथल्या शेठने आम्हा चार बायकांचा तीन महिन्यांचा पगार थकवला. मला त्या पैशांत दात बसवायचे होते. वरचे सगळे गेले होते. खालचे चार होते, पण चावायला समोर कोणी नको का?

दिवाळीला शेठने पैशांऐवजी कापड दिलं. निळ्या चौकडीचं, विणताना चूक होऊन दर हातभर अंतरावर जाड पिवळा पट्टा आलेलं. बाजारात कोणी घेईना म्हणून ते आमच्या माथी मारलं. पगाराचं विचारलं की तो फोन कानाला लावून बाहेर जायचा.

कापड वाया का घालवा, म्हणून आम्ही चौघींनी पोलकी शिवली. उरलेल्यात मी माझ्या म्हाताऱ्याला, म्हणजे नवऱ्याला, दोन चड्ड्या शिवल्या. पट्टा नेमका बुडावर आला. म्हातारा म्हणाला, मी काय एसटी आहे का? तरी घालायला लागला.

होळी आली तरी पगार नाही. मग आमच्यातली दिघाशीची बाई आम्हाला कामगार ऑफिसात घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी विचारलं, कामावर असल्याचा कागद आहे? हजेरीचं कार्ड? आमच्याकडे काहीच नव्हतं. कागद नसला म्हणून हक्क बुडत नाही, असं म्हणून त्यांनी तक्रार घेतली आणि पुढच्या सोमवारी शेठला बोलावलं.

सोमवारी शेठ अत्तर लावून आला. आमच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, या बायकांना मी ओळखतच नाही."

ऑफिसात जायचं म्हणून चौघींनी धड कपडे घातले होते. धड म्हणजे तेच पोलकं. ठरवलं नव्हतं. एकीचा पट्टा छातीवर, एकीचा पाठीवर, माझा एकाच बाहीवर. मॅडम आमच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, हे कापड कुठलं?

दिघाशीची म्हणाली, "कोण जाणे बाय. रस्त्यावर फुकट वाटत व्हते."

शेठला ते सोसलं नाही. "फुकट? पगारात दिलंय मी ते."

मॅडमनी तेवढं लिहून घेतलं. पगार पैशांतच द्यावा लागतो, कापडात नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि आठ दिवसांची मुदत दिली.

शेठ म्हणाला, मग माझं कापड परत पाहिजे. आम्ही दुसऱ्याच दिवशी गाठोडं नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं. सगळ्यात वर म्हाताऱ्याच्या चड्ड्या, आदल्या दिवशी घातलेल्या. शेठने गाठ सोडली आणि लगेच बांधली.

"ले जाओ," म्हणाला.

पगार सहाव्या दिवशी मिळाला. दात बसल्यावर मी वज्रेश्वरीला जाऊन आधी पावशेर चणे खाल्ले. म्हातारा म्हणतो, दात आल्यापासून मी जास्त बोलते. त्याच्या चड्ड्या अजून फाटलेल्या नाहीत. कापड तसं वाईट नव्हतं.