वुचच्या गिरणीचं दार

माझे बाबा, सुभाष मेश्राम, नागपूरच्या कापडमिलमध्ये सव्वीस वर्षं विणकर होते. आता परदेशात, श्रूजबरीत माझ्याकडे राहतात. माणूस लाख चांगला, पण एकदा मनाशी ठरवलं की कुणाचं ऐकतील तर शपथ.

इथल्या सीनियर सेंटरमध्ये त्यांना हलीनाताई भेटल्या. वय ब्याऐंशी. पोलंडमधल्या वुच शहरात मागावर उभं आयुष्य काढलेलं. दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं. पण मागांच्या खडखडाटात विणकर हातांनी बोलतात, ते दोघांना येत होतं. तुटलेला धागा, रिकामी कांडी, जेवणाची सुट्टी. सगळ्या खुणा जुळायच्या नाहीत, तरी कळायच्या.

हलीनाताई वुचबद्दल सांगत बसायच्या. साधं खेडं होतं, शंभर वर्षांत धुरांड्यांचं शहर झालं. चार किलोमीटर सरळ रस्ता, गिरणीला लागून मालकाचा महाल, समोर कामगारांच्या लाल विटांच्या चाळी. आणि गिरणीचं कमानीचं दार. सतराव्या वर्षी त्या त्यातून आत गेल्या होत्या. आता त्यांची नजर झपाट्याने जात होती. ते दार एकदा बघायचंय, एवढंच म्हणायच्या.

एप्रिलमध्ये ऑफिसने मला पोलंडला पाठवलं. मी मुद्दाम वुचला जाऊन फोटो काढले आणि बाबांना पाठवले. परत येऊन विचारलं, तर म्हणाले, "नाही दाखवले. तिथे मॉल झालाय गं, आपल्या मिलसारखा. तिला कशाला दाखवायचं?"

बाबांची मिल पाडून तिथे मॉल बांधला होता. त्या मॉलमध्ये एकदा बाबा सरकत्या जिन्यापाशी उभे राहून आपलं विणाई खातं शोधत होते. नंतर दोन दिवस जेवले नव्हते. म्हणून मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

ऑक्टोबरात हलीनाताईंनी मलाच विचारलं, वुचला गेलीस तेव्हा ते दार पाहिलंस का. मी माझा फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांशी अगदी टेकवला, मग खाली ठेवला.

"नथिंग," त्या म्हणाल्या. "सुभाष, यू टेल मी."

बाबांनी फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. दार जागेवर होतं. कमान, लाल विटा, समोरच्या चाळीसुद्धा. वुचमध्ये गिरणी पाडलीच नव्हती, तिच्या भिंतींच्या आत दुकानं भरली होती. एप्रिलमध्ये बाबांनी फक्त दुकानांच्या पाट्या पाहिल्या होत्या.

"गेट इज देअर," बाबा म्हणाले. मग हलीनाताईंचा हात धरून हवेत कमान काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हलीनाताईंनी ती पुन्हा काढायला लावली. फार खूश होत्या.

गाडीत बाबा रडले.

"एप्रिलमध्ये तिला दिसत होतं, दीक्षा," म्हणाले.