फाटक्या पंजाचं पिल्लू

बदकआजी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण उभा जन्म परसातल्या तळ्यावर बदकं पाळण्यात गेल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? तोंडाने फटकळ, हात मात्र हलका. पिल्लू अंड्यातून बाहेर येऊन वाळलं, की आजी त्याचा पाय धरून बोटांमधल्या पातळ पडद्याला चिमट्याने बारीकसं भोक पाडायची. कुठलं पिल्लू कुठल्या बदकीचं, ते भोकाच्या जागेवरून कळायचं.

"दुखत नाही का त्याला?" सूनबाईने नवी असताना विचारलं होतं.

"तुझे कान टोचले तेव्हा दुखलं तेवढंच."

यंदा मात्र घोटाळा झाला. गेले काही महिने आजीच्या डोळ्यांपुढे धुकं होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की चिमटा हातातून गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या लाडक्या म्हाताऱ्या बदकीने या खेपेला एकच पिल्लू काढलं आणि लगोलग मान टाकली. नेमका त्याच पिल्लाच्या वेळी चिमटा पडद्याच्या कडेवर बसला. पडदा उभा फाटला.

पडदा कशासाठी असतो, हे आजीला कुणी सांगायला नको होतं. पाय मागे रेटला की बोटं फाकतात, पडदा ताणला जातो आणि पाणी ढकलतो. पाय पुढे घेतला की बोटं मिटतात, मग पाणी आडवं येत नाही. बेडकाचं तेच, पाणमांजराचंही तेच. कोंबडीला पडदा नाही, म्हणून तिने पाण्याच्या वाटेला जाऊ नये. आणि आपण या बिचाऱ्याला अर्धी कोंबडी करून ठेवलं!

बाकीची पिल्लं तळ्यात उतरायला लागली तरी हे आपलं टोपलीत.

"सर्दी झालीय त्याला," आजी म्हणायची.

"बदकाला सर्दी?"

"का? होऊ नये?"

सूनबाई धुणं घेऊन निघून जायची. आजीला मात्र जेवण गोड लागेना.

एके सकाळी टोपली उन्हात ठेवायला निघालेल्या आजीला पायरीचा अंदाज आला नाही. ती कशीबशी सावरली, टोपली उलटली आणि पिल्लू थेट तळ्याकडे पळालं.

"अगं धाव! बुडेल ते!" आजी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरली.

पिल्लू आधी तिरकं गेलं. एक गिरकी घेतली. मग फाटका पाय दुप्पट घाईने मारत सरळ झालं आणि बाकीच्या पिल्लांत जाऊन मिसळलं.

आजीचा जीव भांड्यात पडला. ती मटकन काठावर बसली, हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मीच फाडला गं तो पडदा," ती सुनेला म्हणाली. "मला नीट दिसत नाही. अंदाजाने चिमटा चालवला."

"माहीत आहे, आई."

"कधीपासून?"

"तुम्ही चहात मीठ घातलंत आणि झकास झालाय म्हणून सगळा प्यायलात ना, तेव्हापासून. आणि ते पिल्लू काही आज पहिल्यांदा पोहत नाहीये. तुम्ही दुपारी लवंडलात की मी त्याला धुण्याच्या टबात सोडते. आधी नुसतं गोल गोल फिरायचं. मग जमलं त्याला."

आजीने डोळे वटारले. "आणि मला बोलली नाहीस? मी इथे झुरणीला लागले होते!"

"तुम्ही तरी कुठे बोललात? टबाचं काढलं असतं तर डोळ्यांचंही निघालं असतं. तुम्हाला ते नको होतं."

आजीने हात पुढे केला, सूनबाईने तिला उठवलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचं मग?"

"आजच," आजी म्हणाली. "आणि यापुढे भोकं तू पाडायचीस. मी शेजारी बसून चुका काढीन."