रडायची परवानगी

कित्येक महिने आमच्या घरात एकच कायदा होता: पोरीला रडू द्यायचं नाही.

माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. रडायला लागली की तिच्या उजव्या जांघेत सुपारीएवढा फुगवटा यायचा आणि शांत झाली की आपोआप आत जायचा. नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या सर्जन मॅडमनी तिला तपासलं. हर्निया आहे, ऑपरेशन छोटं आहे, पण करावंच लागेल, असं त्यांनी सांगितलं. फुगवटा कडक झाला, आत जाईना, पोर उलट्या करू लागली तर मात्र लगेच घेऊन या, असंही बजावलं. ‘रडू देऊ नका’ असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. तो कायदा माझ्या आईचा.

“रडली का गोळा उतरतो ना? मग रडवायचीच नाय,” तिने लासलगावहून फोनवर निकाल दिला.

मी बी.एस्सी. झालेला, सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करणारा माणूस. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिलाच. आई व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडायला जायची आणि त्यावर मी शिकलो. तरीही हा कायदा मी निमूटपणे मानला. पोरीच्या जिवाशी धोका पत्करण्याएवढी बापाची छाती मोठी नसते.

पोर हुशार. आपण ओठ काढला की मोठी माणसं धावतात, हे तिच्या लवकर लक्षात आलं. जेवणात श्रीखंड, आंघोळीला सुट्टी, बाबाच्या पाठीवर बसून मोरीपासून दारापर्यंत फेऱ्या. शेजारच्या वहिनी सकाळी दारात येऊन माझ्या बायकोला विचारायच्या, “काय, सरकार उठलं का?”

“हळू बोला हो वहिनी,” बायको म्हणायची, “सरकार रुसलं तर तुम्हालाच खाली फिरवायला घेऊन जावं लागेल.”

माझ्या मावसभावाच्या लग्नात तर कहरच झाला. मंगलाष्टकं संपून फोटो सुरू झाले आणि हिला नवरदेवाचा फेटा हवा झाला. मी समजावलं, बायकोने चॉकलेट दाखवलं. हिचा ओठ थरथरू लागला. अख्ख्या मांडवाला आमचा कायदा ठाऊक होता. नवरदेवाने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा नव्या नवरीकडे पाहिलं आणि मुकाट्याने फेटा काढून हिच्या डोक्यावर ठेवला. त्या लग्नाच्या अल्बमात नवरदेव बोडका आणि माझी लेक फेट्यात आहे.

लोक हसायचे, आम्हीही हसायचो. पण आतून धास्ती जात नव्हती. एकदा संध्याकाळी दारात तिचं बोट चेमटलं. त्या रडण्याला कुठलंच श्रीखंड पुरणारं नव्हतं. फुगवटा आला आणि गेला नाही. हात लावला तर कडक लागला. बायकोने तिला छातीशी धरलं आणि मी मोटारसायकल काढली. द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी. ट्रक, बस, रिक्षा, कुणीच हलेना. मी हॉर्न वाजवत, हात जोडत, ओरडत होतो. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, “अहो, झोपली ती.” रडून रडून दमली होती. बायकोने हात लावून पाहिलं तर गोळा आत गेलेला. तरीही आम्ही रुग्णालयात गेलोच. “आज वाचलात,” तिथले डॉक्टर म्हणाले. “दर वेळी असं होईलच असं नाही.”

मग ऑपरेशन का होत नव्हतं? एकदा आमची तारीख लागली होती. पोर उपाशी, आम्ही उपाशी, बाकावर बसून होतो. तेवढ्यात आतड्याला पीळ पडलेलं एक तान्हं बाळ आलं. ऑपरेशन थिएटर त्याच्यासाठी गेलं. दुसऱ्या वेळी अपघातातला एक मुलगा आला. मला राग यायला हवा होता, पण त्या बाळाच्या आईचा चेहरा पाहिल्यावर तो येईना. आपलं पोर हसतंखेळतं आहे म्हणूनच त्याचा नंबर मागे पडतो, एवढं मला कळत होतं. पण आपलं पोर हसतंखेळतं राहील ना, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं.

मग एके दिवशी कारखान्यात असताना फोन आला. मोठ्या रुग्णालयाने तालुक्यांतल्या काही छोट्या रुग्णालयांशी हात मिळवला आहे, हर्नियासारखी साधी ऑपरेशन्स आता तिकडे होतील, तुमचं मूळ गाव लासलगाव ना, मग तिथे येत्या गुरुवारी चालेल का, अशी विचारणा होती.

खरं सांगतो, आनंदाआधी मला शंका आली. ते रुग्णालय मी लहानपणापासून पाहिलेलं. ट्रस्टचं, बैठं, पुढे कडुलिंब. ताप आला की तिथे इंजेक्शन घ्यायचं. तिथे माझ्या मुलीला भूल द्यायची? मी सुट्टी टाकून सर्जन मॅडमना गाठलं.

“कापणारे हात माझेच आहेत,” त्या म्हणाल्या. “भूल देणारे डॉक्टरही इथलेच, माझ्यासोबत येतात. तिथलं थिएटर आम्ही नीट तपासून घेतलंय. अवघड केस असती तर मीच तुम्हाला नाही म्हटलं असतं. इथे रोज कुणीतरी तुमच्या मुलीपेक्षा जास्त आजारी येणार आणि मी तिला रोज मागे ठेवणार. तिथे तिला कुणी मागे ढकलणार नाही.”

घरी येऊन आईला फोनवर हे सगळं सांगितलं.

“तुला काय शंका हाय त्या दवाखान्याची?” ती म्हणाली. “तू जन्मला तिथंच. काय वाईट निघालास?”

गुरुवारी सकाळी खरी परीक्षा होती. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, आणि सरकारला उठल्याउठल्या दूध-बिस्किट लागतं. शहरातल्या बाकावर तिला कसं थोपवलं होतं ते आमचं आम्हाला ठाऊक. इथे आईने नातीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, “चल बाय, ट्रॅक्टर बघू.”

बाजार समिती तिथून जवळच. लिलावाच्या आधी कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत रांगेत उभे असतात. लाल, निळे, हिरवे. आई प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला सांगत होती, “दादा, हॉर्न वाजव रे, पोरीचं आपरेशन हाय.” आणि ते वाजवत होते. एकाने तर तिला स्टेअरिंगवर बसवलं. दुधाची आठवण होण्याआधीच दवाखान्यात यायची वेळ झाली. तिथल्या सिस्टरने पोरीला आत नेलं तेव्हा ती तोंडाने ट्रॅक्टरचा आवाज काढत होती.

कडुलिंबाखाली आम्ही तिघं बसलो. दरवाजा वाजला की आई पदर सावरून उठायची आणि पुन्हा बसायची.

शेवटी मॅडम स्वतः बाहेर आल्या. “छान झालं. संध्याकाळपर्यंत घरी न्या.” बायकोने त्यांचा हात धरला आणि सोडेचना. मी नुसते हात जोडले.

दुपारी लेक पुरती जागी झाली. मॅडम तिला बघायला आल्या. त्यांच्या डोक्यावर थिएटरची हिरवी टोपी होती. हिने ती पाहिली आणि बोट दाखवलं.

“मला पायजे.”

आम्ही तिघंही एकदम मॅडमकडे पाहू लागलो. लग्नातला मांडव आठवला. मॅडमचा हात टोपीकडे गेला, ती नीट केली आणि त्या म्हणाल्या, “नाही. ही माझी आहे. अजून दोन मुलं थांबलीत आत.”

कित्येक महिन्यांत तिने ऐकलेलं हे पहिलं ‘नाही’. मग ओठ निघाला आणि मग तिने असा सूर लावला की बाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले.

आई सवयीने धावली. “अगं बाय, माझी राणी...”

“रडू द्या आजी,” मॅडम म्हणाल्या. “आता काही होत नाही.”

आईचे हात तसेच हवेत राहिले. बायकोने चादर हळूच बाजूला केली. मी वाकून पाहिलं. एक छोटी पट्टी, आणि तिच्याजवळ काहीच नाही. सपाट. पोर जिवाच्या आकांताने रडत होती आणि सपाट. बायको हसू लागली आणि हसता हसता तीही रडू लागली.

आई कॉटच्या कडेला बसली. “रड माझी बाय,” ती म्हणाली. “रड, लय दिवसांचं राहिलंय तुझं.”

संध्याकाळी आम्हाला घरी न्यायला ठरवलेले रिक्षावाले काका तो आवाज ऐकून वेळेआधीच दारात येऊन उभे राहिले. घाबरून म्हणाले, “काय झालं हो मावशी?”

“काय नाय,” आई म्हणाली. “पोरगी बरी झाली.”